रियासतकार सरदेसाई आणि इतिहासाचा अभ्यास

पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला इतिहासाची गोडी लागावी म्हणून कोणती पुस्तके द्यावीत? विचारणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा गुणपत्रिकेची काळजी असते, क्वचित मात्र त्याहून खोल अशी एक हुरहूर असते. आपले मूल परप्रांतात वाढते आहे, त्याच्याभोवतीची भाषा वेगळी आहे, त्याला आपल्या माणसांचा आणि या देशाचा इतिहास कोण सांगणार, अशी. सभेच्या गडबडीत मी दोनचार नावे सांगून मोकळी होते. आज शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत हातात चार पाने आली आहेत, तर पुस्तकांची यादी देण्याऐवजी एका माणसाचे चरित्र सांगावे असे वाटते. ते आहेत गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजेच रियासतकार. आपल्यासारख्या शाळेला ते जवळचे वाटावेत याचे कारण असे, की मराठ्यांचा जो इतिहास मराठी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचला, तो पुण्यात किंवा साताऱ्यात जन्माला आला नाही. तो गुजरातेत, बडोद्यात, मुलांना शिकवता शिकवता तयार झाला.

सरदेसाई मूळचे कोकणातले. १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविळ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. १८८४ साली ते रत्नागिरीहून मॅट्रिक झाले आणि पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत शिकून १८८८ साली पदवीधर झाले. येथपर्यंतची वाटचाल त्या काळच्या अनेक बुद्धिमान कोकणी तरुणांसारखीच आहे. पुढल्याच वर्षी, १८८९ साली, ते बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत रुजू झाले आणि त्यांचे आयुष्य वेगळ्या वळणाला लागले.

त्यांची पहिली नेमणूक वाचक म्हणून झाली. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे हे वाचकाचे काम. ऐकायला ही नोकरी आरामाची वाटते, पण श्रोता कोण होता हे विसरून चालणार नाही. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती. उशिरा शिकलेल्या माणसाला विद्येची जी भूक असते ती त्यांना आयुष्यभर राहिली. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील अवाढव्य ग्रंथ वाचून त्यावर स्वतः टिपणे लिहिणारा हा राजा होता. पुढे १९०६ साली त्याने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून गावोगावी वाचनालये काढली. खेड्यांत पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालयेही या संस्थानात होती. अशा श्रोत्यापुढे वाचायचे म्हणजे वाचकाला आधी स्वतः समजून घेणे भाग होते. महाराजांच्या इच्छेवरून सरदेसायांनी मॅकियाव्हेलीच्या राजनीतीवरील ग्रंथाचे मराठी भाषांतर राजधर्म या नावाने केले. ते १८९० साली निघाले. त्यानंतर तीन वर्षांनी इंग्रजी साम्राज्याच्या वाढीवरील सीलीचा ग्रंथही त्यांनी मराठीत आणला. पंचविशीतल्या तरुणाने राज्ये कशी वाढतात आणि कशी टिकतात याचा अभ्यास असा दुसऱ्याला वाचून दाखवण्याच्या निमित्ताने केला.

त्यानंतर राजपुत्रांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि येथून आम्हा शिक्षकांना हे चरित्र अगदी आपले वाटू लागते. राजवाड्यातील मुलांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा होता. पण कोणत्या पुस्तकातून? मराठ्यांच्या इतिहासावरचा मान्यताप्राप्त ग्रंथ होता ग्रँट डफचा. पेशवाई बुडाल्यानंतर आठच वर्षांनी, १८२६ साली, तीन खंडांत तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि लवकरच त्याचे मराठी भाषांतरही झाले. डफने मेहनत घेतली होती, कागद पाहिले होते, माणसांना भेटून विचारले होते. तरीही तो जिंकणाऱ्यांच्या बाजूचा अधिकारी होता, आणि ज्यांचा इतिहास तो लिहीत होता त्यांच्या घराघरांतील दप्तरे अजून बांधलेलीच होती. याखेरीज बखरी होत्या, पोवाडे होते आणि फुटकळ चरित्रे होती. मुलांच्या हाती द्यावे असे सलग, विश्वसनीय आणि मराठीतले पुस्तक नव्हते.

मग सरदेसायांनी शिकवण्यासाठी स्वतःच टिपणे काढायला सुरुवात केली. मिळतील ते ग्रंथ वाचायचे, एका घटनेविषयी कोण काय म्हणतो ते मांडायचे, सनावळी जुळवायची आणि मुलांना समजेल अशा भाषेत ते लिहायचे. शिक्षकाची टिपणवही ही साधारणपणे वर्ष संपले की कपाटात जाते. यांची वही वाढत गेली. मुलांसाठी केलेले काम सर्व मराठी वाचकांच्या उपयोगी पडेल हे ध्यानात आले, आणि हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास या योजनेतील पहिला ग्रंथ, मुसलमानी रियासत, १८९८ साली प्रसिद्ध झाला. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ साली आला. रियासत म्हणजे अंमल, राज्य. मुसलमानी, मराठी आणि ब्रिटिश अशा तीन अंमलांतून या देशाचा अर्वाचीन इतिहास सांगायचा, अशी ती आखणी होती.

या आखणीतच लेखकाची समज दिसते. शिवाजी महाराजांपासून आरंभ करणे सोपे होते आणि वाचकप्रियही ठरले असते. पण ज्या सत्तांशी मराठे झुंजले त्या कशा आल्या, त्यांचा कारभार कसा होता, हे कळल्यावाचून स्वराज्याची थोरवीही नीट कळत नाही. त्यांनी आधी दुसऱ्याचा इतिहास लिहिला आणि मग आपला. आमच्या वर्गांत हा क्रम अजूनही पुष्कळदा उलटा होतो, हे कबूल केले पाहिजे.

त्याच वर्षांत महाराष्ट्रात एक वेगळेच वारे सुटले होते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातील कागद छापू लागले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उलगडत होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली, म्हणजे मुसलमानी रियासत निघाली त्याच वर्षी, बाहेर पडला. पारसनीस साताऱ्यात कागदपत्रे जमवीत होते. न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. दर वर्षी नवे कागद उजेडात येत होते आणि दर वर्षी आधी छापलेल्या रियासतीतले काहीतरी जुने होत होते.

एखाद्या लेखकाला याचा वैताग आला असता. आपला ग्रंथ पुरा झाला, लोकांनी वाखाणला, आता इतरांनी काय ते पाहावे असे म्हणता आले असते. सरदेसायांनी तसे केले नाही. नव्या कागदांच्या आधारे ते पुढचे भाग अधिक तपशिलाने लिहीत गेले, आणि मागच्या भागांकडेही परत वळले. पहिला भाग निघाल्यावर तीसहून अधिक वर्षांनी, सत्तरीत पोचल्यावर, त्यांनी आरंभीचा काळ नव्याने लिहून काढला आणि शिवाजी, संभाजी, राजाराम यांच्यावर स्वतंत्र पुस्तके केली. स्वतःचे छापील पान खोडायला धैर्य लागते. वर्गात एकदा चुकीचे सांगितलेले दुसऱ्या दिवशी मुलांसमोर दुरुस्त करताना आमची जीभ जड होते, हा अनुभव मला नवा नाही.

रियासतीवर त्या वेळीही आक्षेप होते आणि ते सगळेच गैरवाजवी नव्हते. राजवाड्यांसारखी झेप सरदेसायांत नव्हती. ते मूळ संशोधक कमी आणि संग्राहक अधिक, असे काहींना वाटे. ग्रंथ लांबलचक आहे, वंशावळी आणि पत्रांचे उतारे मधूनमधून वाट अडवतात, आणि गोष्टीच्या ओढीने वाचायला बसलेला वाचक दमतो. मीही महाविद्यालयात असताना पहिल्या प्रयत्नात थोरले बाजीराव येण्याआधीच थांबले होते. परंतु राजवाड्यांचे खंड उघडून थेट वाचू शकणारे किती होते? विखुरलेले कागद गोळा करून सामान्य शिकलेल्या मराठी माणसाला सलग कथा देण्याचे काम कोणीतरी करायलाच हवे होते, आणि ते करायला शिक्षकच लागतो.

ग्रंथ कसा वाचावा हे मी पालकांना एका घटनेवरून सांगते. ती घटना पानिपतची. शाळेच्या पेपरात पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा असा प्रश्न असतो आणि मुले पाच कारणे पाठ करतात. १४ जानेवारी १७६१ या दिवशी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले, हजारो माणसे कापली गेली, आणि त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे जून महिन्यात पर्वतीवर वारले. येथवर सर्व पुस्तके सारखी आहेत. पण या घटनेचा अर्थ काय? मराठी सत्तेचा तो शेवट होता का? सरदेसायांनी पानिपत प्रकरणाला रियासतीचा एक स्वतंत्र भाग दिला. त्यांचे मत असे, की माणसांची हानी भयंकर होती, परंतु त्या एका दिवसाने मराठी सत्तेचे भवितव्य ठरले नाही. सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला, त्याने दहा वर्षांत घडी पुन्हा बसवली आणि १७७१ साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे झालेला माधवरावाचा अकाली मृत्यू राज्याला अधिक महागात पडला, हा विचार त्यांच्याआधी डफनेही मांडला होता. म्हणजे ज्या डफची उणीव भरून काढण्यासाठी लेखणी उचलली, त्याचे जे पटले ते त्यांनी नाकारले नाही.

सरदेसायांच्या सर्वांत जवळच्या मित्राला मात्र पानिपतासंबंधीचे हे मत मान्य नव्हते. हे मित्र म्हणजे बंगालचे थोर इतिहासकार जदुनाथ सरकार. पानिपतावर मराठ्यांच्या नेत्यांची एक पिढीच्या पिढी एका तडाख्यात नाहीशी झाली आणि ती हानी कमी लेखणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय, असे जदुनाथांचे म्हणणे. दोघांनीही आपापली मते आपापल्या ग्रंथांत नमूद केली, आणि त्यांच्या मैत्रीला त्याने तडा गेला नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ १९४६ साली आला आणि त्याने चर्चा आणखी पुढे नेली. नववी-दहावीच्या मुलाने एकच घटना घेऊन ही मते शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर पाच कारणे त्याला पाठ करावी लागत नाहीत. ती त्याची त्यालाच सापडतात, कधी सहावेही सापडते. स्वामी कादंबरी वाचून माधवरावावर जीव लावणारी मुले आमच्या वाचनालयात पुष्कळ येतात. त्यांना मी कधी अडवत नाही. कादंबरी परत करायला आली की रियासतीतले माधवरावाचे प्रकरण मात्र त्यांच्यासमोर ठेवते. काही जण पान उलटतात, काही जण पळतात.

जदुनाथांशी झालेली ओळख १९०४ सालची. ते औरंगजेबाच्या इतिहासावर काम करीत होते आणि त्यांना मराठी साधने हवी होती. फार्सी कागदांवर त्यांचे प्रभुत्व होते, मराठी आणि मोडीवर सरदेसायांचे. एक बंगाली बिहारात शिकवणारा, दुसरा कोकणी माणूस गुजरातेत नोकरी करणारा. यांतील कोणीही आपल्या प्रांतात बसलेला नव्हता. पत्रापत्रीतून सुरू झालेला हा स्नेह पन्नासांहून अधिक वर्षे टिकला. जदुनाथ मराठी शिकले. दोघांनी मिळून किल्ले आणि रणभूमी पायांखाली घातल्या. माळव्यातील सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह हे वयाने लहान असलेले अभ्यासक पुढे या मंडळीत आले. मराठ्यांचा इतिहास हा केवळ मराठी माणसांचा विषय नाही, हे या तिघांच्या सहवासाने आपोआप सिद्ध केले.

१९२५ साली, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, सरदेसाई बडोद्याहून निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेतला, इंद्रायणीच्या काठी राहायला आले. वय साठ. त्यांच्या खाजगी जीवनातील एका दुःखाचा उल्लेख येथे केला पाहिजे. त्यांचा बुद्धिमान मुलगा श्यामकांत याला त्यांनी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकायला ठेवले होते. ज्या काळी मराठी घरांतून मुलांना मुंबईला पाठवायलाही आईबाप बिचकत, त्या काळी एवढ्या दूर बंगालात मुलगा ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. तो पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला. तो तरुण वयातच निवर्तला. दुसऱ्यांच्या घराण्यांचे कागद जपणाऱ्या या पित्याने आपल्या मुलाची पत्रे जपून ठेवली आणि १९३४ साली श्यामकांतची पत्रे या नावाने प्रसिद्ध केली. राजघराण्यांच्या पत्रव्यवहाराला जी निगा आणि जी मांडणी त्यांनी दिली, तीच या पोराच्या पत्रांनाही दिली. हे पुस्तक मी जेव्हा जेव्हा हाती घेते, तेव्हा रियासतीच्या त्या कोरड्या वाटणाऱ्या पानांमागचा माणूस मला दिसतो.

त्याच वर्षांत, दुःख उरात ठेवून, ते आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम करीत होते. पुण्यातील पेशवे दफ्तरात पेशवाईचे कागद हजारो रुमालांत बांधून पडले होते. सरकारने ते अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळेपणाने पाहू दिले नव्हते. त्यांतून महत्त्वाचे कागद निवडून छापण्याचे काम मुंबई सरकारने सरदेसायांकडे सोपवले. पुण्यातील काही संशोधकांना ही निवड रुचली नाही, आणि त्यावरून बरीच कटुता झाली. आयुष्यभर दफ्तरासाठी झगडलेल्यांना दार बंद राहावे आणि बडोद्याहून निवृत्त होऊन आलेल्याला ते उघडावे, याचे वाईट वाटणे स्वाभाविक होते. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. सरदेसाई मात्र कामाला लागले. मोडी वाचणाऱ्या सहकाऱ्यांना हाताशी घेऊन, रुमाल सोडून, धूळ झटकून, तारखा लावून १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर काढले. आरंभी त्यांचे वय पासष्ट होते. त्यानंतर पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे संपादन त्यांनी जदुनाथांच्या सोबतीने हाती घेतले.

एवढ्यावर थांबले असते तरी कोणी काही म्हटले नसते. पण मराठी न वाचणाऱ्या भारतीयांना मराठ्यांचा इतिहास अजूनही मुख्यतः परक्यांच्या ग्रंथांतून वाचावा लागे, ही उणीव त्यांना दिसत होती. १९२६ साली पाटणा विद्यापीठात त्यांनी मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांवर इंग्रजीत व्याख्याने दिली होती. त्या बीजाचा विस्तार वीस वर्षांनी झाला. मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ या दरम्यान, नेमका देश स्वतंत्र होत असताना, प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा लेखक त्र्याऐंशी वर्षांचा होता. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले आणि आता इंग्रजीच अधिक वाचणारे माजी विद्यार्थी मला भेटतात, तेव्हा मराठी रियासतीचे आठ खंड झेपत नसतील तर हे तीन वाचा, असे मी सांगते. मराठी रियासतीची स. मा. गर्गे यांनी संपादलेली नवी आवृत्तीही आहे. ती घरी घेतलीत तर आजोबांना दाखवण्यापुरती ठेवू नका. एक घटना निवडा, तिचे प्रकरण मुलासोबत वाचा आणि पुढच्या सुट्टीत ती जागा पाहून या.

१९५६ साली त्यांनी माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मे १९५८ मध्ये जदुनाथ गेले. कामशेतच्या घरी पत्रे येतच राहिली असतील, पण ज्याच्या हस्ताक्षराची अर्धशतकभर वाट पाहिली ते पाकीट आता येणार नव्हते. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, सरदेसायांनी कामशेतलाच देह ठेवला. बडोद्याच्या राजवाड्यात काही मुलांसाठी लिहायला घेतलेल्या टिपणांना तोवर साठ वर्षे उलटून गेली होती.